दम हृदयामुळे लागतोय अशी शंका आहे? कोणती तपासणी आधी, कोणती नंतर

इकोच्या (हृदयाच्या सोनोग्राफीच्या) टेबलावर आडवं व्हायला सांगितलं की काही रुग्ण संकोचून म्हणतात, "डॉक्टर, सपाट झोपलं की गुदमरायला होतं. घरी तीन उश्या घेऊन झोपतो." मी प्रोब हातात घेण्याआधीच निम्मं उत्तर त्या एका वाक्यात मिळालेलं असतं. आडवं झाल्यावर पायांकडचं रक्त छातीकडे येतं, थकलेल्या हृदयाला ते पुढे ढकलता येत नाही, फुप्फुसांत दाब वाढतो आणि माणूस उठून बसतो. एवढी मोलाची माहिती, पण सोबतच्या जाडजूड फाइलमध्ये ती बहुतेक वेळा कुठेच लिहिलेली नसते. फाइलमध्ये असतात तपासण्या. कधी नको त्या, कधी उलट्या क्रमाने केलेल्या.

हा लेख अशा फाइलला पहिल्यांदा सामोरं जाणाऱ्यांसाठी आहे: रुग्ण, त्यांचे नातेवाईक, आणि वॉर्डात नुकते रुजू झालेले तरुण डॉक्टरसुद्धा. प्रत्येक यंत्र एकाच प्रकारच्या प्रश्नाचं उत्तर चांगलं देतं. म्हणून आधी प्रश्न ठरवायचा आणि मग यंत्र. "सगळ्यात भारी स्कॅन करून टाकू" असा विचार करून निघालेले लोक पुष्कळदा उत्तराशिवाय परत येतात.

पायरी १ : आधी तातडी ओळखा

बसल्या जागी दम लागतोय, एक वाक्य सलग बोलता येत नाही, ओठ निळसर पडलेत, छातीत दडपण आहे, चक्कर येऊन माणूस पडला आहे किंवा खोकल्यातून गुलाबी फेस येतोय, तर तपासणी निवडत बसू नका. थेट तातडीच्या विभागात जा. ऑक्सिजन आणि औषधं आधी, चित्रं नंतर. अशा रुग्णाला स्कॅनसाठी सपाट झोपवण्याचा आग्रह धरू नये. खाटेशेजारी आणलेल्या सोनोग्राफी मशीनवर, बसलेल्या स्थितीतच, दोन मिनिटांत बरंच कळतं. फुप्फुसात पाणी साचलं असेल तर पडद्यावर वरून खाली उतरणाऱ्या पांढऱ्या उभ्या रेघा दिसतात. एका भागात अशा तीन किंवा जास्त रेघा, आणि दोन्ही बाजूंना तसे एकाहून अधिक भाग, असं दिसलं की हृदयामुळे पाणी झाल्याचा संशय बळावतो.

पायरी २ : प्रश्न कागदावर आणा

तातडी नसेल तर एका कागदावर एवढं लिहून काढा. दम कधीपासून आहे? चालताना की बसूनही? किती उश्या लागतात? मध्यरात्री गुदमरून जाग येते का? संध्याकाळी घोट्यांवर सूज येते का, बोटाने दाबलं की खड्डा पडतो का? मधुमेह, रक्तदाब, लहानपणचा सांधेज्वर, कर्करोगाची औषधं किंवा छातीवरचं रेडिएशन, घरात कोणाचा तरुणपणी अचानक मृत्यू, नुकतंच झालेलं बाळंतपण. यातली प्रत्येक गोष्ट पुढची तपासणी बदलू शकते. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यात किंवा बाळंतपणानंतरच्या पाच महिन्यांत नव्याने लागलेला दम "अशक्तपणा" म्हणून सोडून देऊ नये. त्या काळात हृदयाचा स्नायू कमजोर होण्याचा एक वेगळा आजार असतो आणि तो साध्या इकोत दिसतो.

मधुमेही, वयस्कर आणि विशेषतः स्त्रियांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. हृदयाच्या धमन्यांत अडथळा असूनही छातीत दुखत नाही, नुसता दम लागतो. "दुखत नाही ना, मग हार्टचं नसेल" या समजापायी फार वेळ वाया जातो.

याच टप्प्यावर ईसीजी आणि रक्ताच्या साध्या तपासण्या होतात. हिमोग्लोबिन आणि थायरॉइड आधी पाहा, कारण नुसत्या रक्तक्षयानेही जिना चढताना धाप लागते. शिवाय बीएनपी किंवा एनटी-प्रोबीएनपी नावाची रक्ततपासणी असते. हृदयावर ताण आला की हे द्रव्य रक्तात वाढतं. अचानक दम लागलेल्या रुग्णात बीएनपी १०० च्या खाली किंवा एनटी-प्रोबीएनपी ३०० च्या खाली असेल, तर तो दम हृदय निकामी झाल्याने असण्याची शक्यता कमी. हळूहळू वाढलेल्या दमासाठी हे आकडे ३५ आणि १२५ असे धरतात. लठ्ठ व्यक्तींत आकडा फसवा कमी येतो, तर मूत्रपिंडाच्या आजारात, उतारवयात आणि अनियमित ठोक्यांत वाढलेला दिसतो.

पायरी ३ : छातीचा एक्स-रे

स्वस्त, झटपट, आणि किरणांची मात्रा नगण्य म्हणून याला कमी लेखू नका. न्यूमोनिया, फुप्फुसाभोवतीचं पाणी, फुटलेलं फुप्फुस अशी हृदयाबाहेरची कारणं तो लगेच दाखवतो. हृदयाची सावली छातीच्या आतल्या रुंदीच्या निम्म्याहून जास्त असेल तर हृदय मोठं झालंय असं मानतात. मात्र हे माप उभं राहून, छाती एक्स-रेच्या प्लेटला टेकवून घेतलेल्या फिल्मवरच धरायचं. खाटेवर पुढून काढलेल्या फिल्ममध्ये निरोगी हृदयही फुगलेलं दिसतं. "हार्ट मोठं आहे" हे ऐकून घाबरण्याआधी फिल्म कशी काढली होती ते विचारा.

एक्स-रे नॉर्मल आला म्हणून हृदय ठीक आहे, असा निष्कर्ष मात्र काढता येत नाही.

पायरी ४ : टूडी इको, इथे घाई नको

हृदयाची शंका असेल तर पुढची तपासणी जवळजवळ नेहमीच इको असते. ध्वनिलहरी वापरतात, किरणं नाहीत, सुई नाही, गरोदरपणातही चालते. या तंत्राची सुरुवात १९५३ साली स्वीडनमधल्या लुंड इथे झाली. इंगे एडलर आणि कार्ल हेलमुट हर्ट्झ यांनी धातूतल्या भेगा शोधायचं यंत्र हृदयाकडे वळवलं. आज तेच तत्त्व वापरून आपण झडपांची उघडझाप डोळ्यांनी पाहतो.

इको चार प्रश्नांची उत्तरं देते. पंपिंग कसं आहे? झडपा नीट उघडतात-मिटतात का? हृदयाभोवती पाणी आहे का? उजव्या बाजूला आणि फुप्फुसाच्या धमनीत दाब किती?

पंपिंगचा आकडा, म्हणजे ईएफ, सगळ्यांना माहीत असतो, पण त्याचा अर्थ फार थोड्यांना. डाव्या खालच्या कप्प्यात १२० मिलिलिटर रक्त भरलं आणि ठोक्याबरोबर ७० बाहेर पडलं, तर ईएफ साधारण ५८ टक्के. निरोगी हृदयही पूर्ण रिकामं होत नाही. १०० टक्के कोणाचंच नसतं, त्यामुळे "फक्त ६० टक्केच चालतंय" म्हणून रडण्याचं काहीच कारण नाही. ४० किंवा त्याखाली असेल तर पंप कमजोर, ४१ ते ४९ मधला पट्टा, आणि ५० किंवा वर म्हणजे आकुंचन राखलेलं.

आता माझ्या हातून घडलेली एक चूक सांगते, कारण तीच चूक आजही रोज कुठे ना कुठे होत असते. सरावाच्या सुरुवातीच्या काळात एका वयस्कर बाईंची इको मी केली. ईएफ ६२ टक्के. मी रिपोर्टवर "नॉर्मल" लिहून मोकळी झाले. काही आठवड्यांनी त्या पुन्हा आल्या त्या दोन्ही पाय सुजलेल्या आणि बसून रात्र काढणाऱ्या. त्यांचं हृदय आकुंचन पावत होतं उत्तम, पण सैल होत नव्हतं. ताठरलेल्या कप्प्यात रक्त शिरायलाच जास्त दाब लागत होता आणि तो दाब मागे फुप्फुसांवर जात होता. हृदय निकामी होण्याच्या पुष्कळ रुग्णांत ईएफ नॉर्मलच असतो. म्हणून रिपोर्टमध्ये ईएफच्या खालच्या ओळीही वाचा: डाव्या वरच्या कप्प्याचं आकारमान, ई बाय ई-प्राइम हे भरण्याच्या दाबाचा अंदाज देणारं गुणोत्तर, फुप्फुसाच्या धमनीतला दाब. कप्पा शरीराच्या मानाने ३४ मिलिलिटर प्रति चौरस मीटरपेक्षा मोठा, गुणोत्तर १४ च्या वर, उजव्या झडपेतून मागे येणाऱ्या धारेचा वेग सेकंदाला २.८ मीटरहून जास्त, अशी लक्षणं एकत्र दिसली की भरण्याचा दाब वाढलाय असं समजायचं.

तो वेग मोजताना पाहणं फार सुंदर असतं. उजव्या झडपेतून गळणारी रक्ताची बारीक धार पडद्यावर निळी चमकते. तिच्यावर रेघ ठेवली की खाली पांढरा, दाढीसारखा वक्र उमटतो. त्याच्या टोकाला वेग समजा ३ मीटर निघाला. त्याचा वर्ग ९, चौपट ३६. त्यात उजव्या वरच्या कप्प्याचा अंदाजी दाब मिळवला की फुप्फुसाच्या धमनीतला दाब मिळतो, तोही सुई न टोचता. धार पुसट असेल तर वक्रही पुसट येतो आणि आकडा कमी निघतो. त्यामुळे दाबाच्या आकड्यापुढे "नीट मोजता आला नाही" असं प्रामाणिकपणे लिहिलेला रिपोर्ट मला जास्त विश्वासार्ह वाटतो.

विश्रांतीत सगळं ठीक आणि दम फक्त चढणीवर, असं असेल तर सायकल चालवून किंवा औषध देऊन ताण-इको करता येते. ताणाखाली भरण्याचा दाब वाढतो का, भिंतीचा एखादा भाग आळसावतो का, हे त्यात दिसतं.

पायरी ५ : इकोने दाखवलेल्या वाटेने पुढे

इथून रस्ते फुटतात. सगळ्या रस्त्यांवर जायचं नसतं.

*धमन्यांबद्दल शंका असेल तर.* दोन पद्धती आहेत. सीटी कोरोनरी अँजिओग्राफी धमनीचा आकार दाखवते: कुठे थर साचलाय, किती अरुंद झालीय. ताण-तपासणी, मग ती इको असो, एमआरआय असो वा न्यूक्लिअर स्कॅन, परिणाम दाखवते: त्या अरुंदपणामुळे स्नायूला रक्त कमी पडतंय का. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रॉमिस या चाचणीत लक्षणं असलेल्या १०,००३ लोकांची तुलना झाली आणि दोन्ही मार्गांनी गेलेल्यांच्या पुढच्या धोक्यात फरक आढळला नाही. म्हणून कोणतं "श्रेष्ठ" हा वाद घालू नका, रुग्णाला काय जमेल ते बघा.

सीटीचं बलस्थान नकार देण्यात आहे. धमन्या स्वच्छ दिसल्या तर मोठा अडथळा जवळपास नाहीच. मात्र ठोके मिनिटाला ६० च्या आसपास आणि नियमित हवेत, त्यासाठी गोळी देतात. जिभेखाली नायट्रोग्लिसरीनही देतात, म्हणजे धमन्या रुंदावतात. डोकं थोडं ठणकतं, घाबरू नका. पण लैंगिक दुर्बलतेसाठी सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिल गेल्या दोन दिवसांत घेतलं असेल तर तंत्रज्ञाला स्पष्ट सांगा. दोन्ही एकत्र आली की रक्तदाब धोकादायक खाली जातो. इथे लाजणं परवडत नाही. आधीच्या तपासणीत धमन्यांत भरपूर कॅल्शियम दिसलं असेल किंवा ठोके फारच अनियमित असतील, तर सीटीची चित्रं धूसर येतात. तिथे ताण-तपासणी बरी.

किरणोत्सारी द्रव्य देऊन करायच्या न्यूक्लिअर स्कॅनला लोक अजून "स्ट्रेस थॅलियम" म्हणतात. आज बहुतेक ठिकाणी थॅलियमऐवजी टेक्नेशियम वापरतात, कारण त्याचं अर्धायुष्य जेमतेम ६ तास, थॅलियमचं सुमारे ७३. नाव मात्र चिकटलंय. चालता येत नसेल तर औषधाने धमन्या रुंदावून हीच तपासणी होते. त्याआधी किमान १२ तास, अनेक केंद्रांत २४ तास, चहा-कॉफी बंद ठेवावी लागते, नाहीतर औषध लागूच पडत नाही. दमा असेल तर यातलं अॅडिनोसिन हे औषध देऊ नये. ईसीजीवर डावा बंडल ब्लॉक (हृदयाच्या डाव्या बाजूच्या विद्युतवाटेतला अडथळा) असेल तर धावण्याऐवजी औषधाचा मार्ग घ्यावा, कारण धावल्यावर हृदयाच्या मधल्या पडद्यात खोटा दोष दिसतो.

नळी घालून केलेली अँजिओग्राफी पहिली पायरी नव्हे. वरच्या तपासण्यांनी ठोस कारण दिलं, किंवा प्रकृती अस्थिर असेल, तर ती करायची.

*स्नायूबद्दल शंका असेल तर* एमआरआयला तोड नाही. गॅडोलिनियम हे औषध शिरेतून दिल्यानंतर दहाएक मिनिटांनी काढलेल्या चित्रात इजा झालेला स्नायू पांढरा उजळतो, आणि तो कुठे उजळतो यावरून कारण ओळखता येतं. धमनी बंद पडून झालेली इजा आतल्या थरापासून सुरू होते, कारण रक्त कमी पडलं की पहिला फटका त्याच थराला बसतो. पांढरी रेघ भिंतीच्या मधोमध किंवा बाहेरच्या थरात असेल तर स्नायूचा स्वतःचा आजार किंवा जुनी सूज असल्याचा संशय. वारंवार रक्त चढवावं लागणाऱ्या थॅलेसेमियाच्या रुग्णांत हृदयात साठलेलं लोहही एमआरआय मोजतो. टी-टू-स्टार हे त्यातलं माप २० मिलिसेकंदांच्या खाली गेलं की लोह साठलंय. तपासणीला पाऊण ते एक तास लागतो आणि आडवं पडून पुन्हा पुन्हा श्वास रोखावा लागतो. त्यामुळे दम आटोक्यात आणून मगच रुग्णाला आत पाठवा.

एक खूण मुद्दाम सांगते. इकोवर भिंती जाड, पण ईसीजीच्या लाटा मात्र बुटक्या, आणि त्या व्यक्तीच्या दोन्ही मनगटांत नस दबण्याचा त्रास होऊन गेलेला. अशा वेळी अॅमिलॉइड या प्रथिनाचा साठा मनात आणावा. हाडांच्या स्कॅनला वापरतात त्या प्रकारचं टेक्नेशियमचं औषध देऊन त्याचा एक प्रकार बायोप्सीशिवाय ओळखता येतो. पण आधी किंवा सोबत रक्त-लघवीतली लाइट चेन या प्रथिनांची तपासणी हवीच, नाहीतर उपचार भलत्याच दिशेला जातो.

*आवरणाबद्दल.* पोट आणि पाय सुजलेले, ईएफ नॉर्मल, पूर्वी क्षयरोग, हृदयशस्त्रक्रिया किंवा छातीवर रेडिएशन झालेलं असेल तर हृदयाभोवतीचं आवरण आवळलं गेलं असावं. सीटीत त्यातलं कॅल्शियम स्पष्ट दिसतं, एमआरआयमध्ये त्याची सूज.

*झडपेबद्दल.* छातीवरून चित्र पुरेसं आलं नाही किंवा शस्त्रक्रिया ठरवायची असेल तर अन्ननलिकेतून इको करतात. काही तास उपाशी राहावं लागतं.

*फुप्फुसाच्या धमनीत गुठळी असावी असं वाटत असेल तर.* अचानक दम, एका पायाला सूज, नुकतंच ऑपरेशन किंवा लांबचा बसून केलेला प्रवास. इथे फुप्फुसाच्या धमन्यांचा सीटी हवा. आणि इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. "छातीचा सीटी" ही एकच तपासणी नाही. यंत्र तेच, पण शिरेतून दिलेला डाय (धमन्या उठून दिसाव्यात म्हणून दिलेलं द्रव्य) आधी फुप्फुसाच्या धमन्यांत पोचतो, काही सेकंदांनी हृदयाच्या धमन्यांत. फोटो कोणत्या क्षणी घ्यायचा ते चिठ्ठीवरच्या प्रश्नावरून ठरतं. चुकीचा प्रश्न लिहिला तर किरणं, डाय आणि पैसे खर्च होऊनही हवी ती धमनी काळीच राहते. गुठळीवर तीन महिने औषध घेऊनही दम राहिला तर हवा आणि रक्तपुरवठा यांची तुलना करणारा व्हीक्यू स्कॅन विचारात घ्या.

पायरी ६ : शरीराला काय झेपेल

सीटीच्या डायआधी क्रिएटिनिन ही मूत्रपिंडाची रक्ततपासणी पाहावी. त्यावरून काढलेला ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंडाच्या कामाचा आकडा, ३० च्या खाली असेल तर मूत्रपिंडतज्ज्ञांशी बोलणं गरजेचं. मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी चालू असेल तर सांगा. पूर्वी डायमुळे पुरळ किंवा गुदमरणं झालं असेल तर तेही. पेसमेकर असला म्हणजे एमआरआय कायमचा बंद असं आता नाही. कार्ड दाखवा, बरेच नवे पेसमेकर ठराविक अटींवर चालतात. ताण-तपासणीआधी बीटा ब्लॉकर (ठोके मंदावणारं औषध) थांबवायचं का हे डॉक्टरांनाच विचारा, मनाने थांबवू नका.

किरणांची भीती मापात ठेवा. निसर्गातून आपल्याला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतातच. छातीचा एक्स-रे त्याच्या कितीतरी खाली, आधुनिक सीटी अँजिओ पुष्कळदा ५ च्या आत, टेक्नेशियमचा ताण-स्कॅन १० च्या आसपास. गरज असेल तर हे मान्य करावं. नुसतं "बघू तरी" म्हणून मात्र नको, विशेषतः तरुण वयात.

पायरी ७ : चिठ्ठी आणि जुने रिपोर्ट

तपासणीच्या चिठ्ठीवर "दम" एवढाच शब्द असेल तर डॉक्टरांना एक ओळ वाढवायला सांगा. "मधुमेह १२ वर्षे, तीन महिन्यांपासून चढताना दम, ईएफ ५५, धमनीचा अडथळा आहे का?" अशी ओळ मिळाली की तपासणारा नेमकं तिथे पाहतो. जुने रिपोर्ट, आणि शक्य असेल तर मूळ चित्रांची सीडी, सोबत आणा. ईएफ ४५ चा ४२ झाला हा मोजणाऱ्याच्या हाताचा फरक असू शकतो. ५५ चा ३५ झाला तर तो खरा बदल.

औषधं सुरू झाल्यावर दर पंधरा दिवसांनी इको करण्यात अर्थ नाही, लक्षणं बदलली नसतील तर. कमजोर पंपाला पूर्ण औषधांवर साधारण तीन महिने द्या, मग पुन्हा मोजा. तोवर ईएफ ३५ च्या वर आला तर शॉक देणारं यंत्र बसवायचा निर्णयच बदलू शकतो. मधल्या काळात रोज सकाळी वजन लिहा, आणि रात्री किती उश्या लागल्या तेही. पुढच्या भेटीत मी आधी तीच वही उघडते.